एकच प्रत, तीही खिशात

ऑगस्ट उजाडला की पुणे जिल्ह्यातल्या केंदूरचा शेतकरी बांधावर उभा राहून बाजरीचा फोटो काढतो. हौस म्हणून नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद लावायची तर ॲप उघडून, शेतात जाऊन पिकाचा फोटो काढणं आलं. तो फोटो सरकारी सर्व्हरवर जातो. त्याच्या आगेमागे काढलेले बाकीचे फोटो मात्र मोबाईलमध्येच राहतात. विरळ उगवलेली बाजरी, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर, खताच्या दुकानाचं बिल, चाळीत नासलेला कांदा, मार्केटची पट्टी, गारपिटीनंतर झोपलेलं पीक, बिबट्याने रात्री ओढून नेलेल्या शेळीचं दावं.

शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यात असे फोटो कामाला येतात. पीकविम्यासाठी स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यायची, ही अट शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं तोंडपाठ होती. आणि खबर द्यायची म्हणजे सोबत फोटो हवाच. जुन्नर वनविभागात शिरूरही येतं. तिथे बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर पंचनामा होईपर्यंत जागेवरचे फोटो हाच शेतकऱ्याच्या हातातला पुरावा. केंदूर-पाबळसह बारा गावांना कळमोडी धरणाचं पाणी मिळावं ही मागणी जुनी आहे. अशा पाणीटंचाईच्या गावात एकाच विहिरीचे मे महिन्यातले ओळीने चार-पाच वर्षांचे फोटो कुणी तारखांसह समोर ठेवले, तर ते कुठल्याही निवेदनापेक्षा जास्त बोलतात.

शिवाय घरच्या आठवणी आहेतच. संत कान्हुराज पाठकांच्या या गावातल्या उत्सवाचे फोटो, लग्नं, बारसं, आजीचा शेवटचा वाढदिवस. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी दिल्यावर बैलगाडा शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले आणि १८ मे २०२३ च्या निकालाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हापासून पुणे जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व भागातल्या मोबाईलमध्ये बारीचे किती व्हिडिओ साठले असतील, याची मोजदाद नाही.

हा सगळा ऐवज एकाच यंत्रात, एकाच प्रतीत असतो. आणि ते यंत्र शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून माणूस मोटर चालू करायला विहिरीवर वाकतो.

मोबाईल मेला, की फोटोही मेले

जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड असायचं. फोन पाण्यात पडला तरी कार्ड काढून, पुसून, कार्ड रीडरला लावलं की बहुतेक फोटो मिळायचे. त्या काळातली ही समजूत अजून टिकून आहे: फोन बिघडला तर दुकानदार ‘डाटा काढून देईल’.

आता ते पूर्वीसारखं राहिलेलं नाही. बऱ्याच नव्या फोनांत कार्डाची जागाच नसते. फोटो फोनच्या आतल्या चिपवर असतात आणि ते कुलूपबंद सांकेतिक रूपात साठवलेले असतात. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनांपासून ही कुलूपबंदी सक्तीची झाली. आयफोनमध्ये ती आधीपासून आहे. किल्ली त्याच फोनच्या बोर्डावर असते आणि मालकाच्या पिनशी किंवा पॅटर्नशी जोडलेली असते. चोराने फोन उघडून चिप काढली तरी त्याला काही दिसू नये, हा त्यामागचा हेतू. पण जे चोराला दिसत नाही ते दुरुस्ती करणाऱ्यालाही दिसत नाही. स्क्रीन फुटली असेल तर बदलता येते, बॅटरी बदलता येते. बोर्डच जळालं, किंवा पिन विसरल्यामुळे फोन रिसेट करावा लागला, तर फोटो परत मिळण्याची आशा सोडावी लागते.

‘गुगलला आहेत की!’

फोटोंची काळजी घेतली आहे का, असं विचारल्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘गुगलला आहेत’. ते अर्धं खरं असतं.

गुगल फोटोज ही सेवा मे २०१५मध्ये सुरू झाली तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके, फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. तेव्हापासून प्रत्येक खात्याला मिळते ती १५ जीबी जागा, आणि तीत फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह असे तिघे वाटेकरी. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेत मोजला जाऊ लागला. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला, तर पूर्ण १५ जीबी फोटोंनाच दिली तरी पावणेचार हजारांच्या आसपास फोटो बसतील. व्हिडिओ घेणाऱ्याची जागा त्याच्या कितीतरी आधी संपते. जागा संपली की बॅकअप थांबतो. फोनवर तशी सूचना येते, पण दिवसभरात येणाऱ्या शंभर सूचनांमध्ये ती बोटाने बाजूला सारली जाते आणि पुढची दोन वर्षं ‘गुगलला आहेत’ हा भरवसा मात्र तसाच राहतो.

दुसरी अडचण खात्याची. फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने जीमेल खातं काढून दिलं. पासवर्ड त्यानेच टाकला आणि तो कुठे लिहून ठेवला गेला नाही. नवा फोन आला, नवं खातं निघालं. जुन्या खात्यातले फोटो आहेत, पण आत शिरायची वाट नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यांतला मजकूर पुसण्याचं धोरण गुगलने जाहीर केलं असून डिसेंबर २०२३ पासून ते अमलात येऊ लागलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी लोकांना ठाऊक असते. गुगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असताना ॲपमधून फोटो उडवला, तर तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो. त्यानंतर कायमचा जातो. नातवाने खेळता खेळता शंभर फोटो निवडून उडवले आणि दोन महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर दोन्ही जागा एकदमच रिकाम्या. दोन ठिकाणी दिसणारे फोटो एकमेकांना बांधलेले असतील, तर त्यांना दोन प्रती म्हणता येत नाही.

आणि मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर हे ॲप फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर वेगळा चालू करावा लागतो. गावातल्या लग्नाचे निम्मे फोटो तर पाहुण्यांच्या ग्रुपवरूनच आलेले असतात.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो

‘मी भावाला पाठवून ठेवलेत’ हा दुसरा भरवसा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करतं. ४ एमबीचा फोटो पलीकडे पोहोचेपर्यंत काही शे केबीचा झालेला असतो. मोबाईलच्या पडद्यावर फरक कळत नाही. मोठी फ्रेम करायला फोटो स्टुडिओत नेला की चेहरे पुसट येतात. २०२३मध्ये ‘एचडी’ची सोय आली, पण तीही मूळ फोटो जसाच्या तसा पाठवत नाही. मूळ फाईल पोहोचवायची तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा लागतो.

दर्जापेक्षा मोठं नुकसान माहितीचं होतं. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये चित्राबरोबर काही नोंदी लिहून ठेवतो: कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या फोनने, आणि लोकेशन चालू असेल तर कुठल्या अक्षांश-रेखांशावर. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतून या नोंदी निघून जातात. गारपिटीत झोपलेल्या कांद्याचा फोटो चित्र म्हणून उरतो, पण तो कधीचा आणि कुठला, हे फाईल सांगू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात त्या फाईलची ओळख पटवणारा हॅश आकडाही द्यायचा असतो. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी तो आकडा बदलतो. बांधाचा वाद असो की विम्याचा, न कापलेली, न सजवलेली मूळ फाईल जपलेली असणं म्हणूनच महत्त्वाचं.

ती मूळ फाईल असते फोनमधल्या ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरात.

केबल लावल्यावर

‘डीसीआयएम’ हे नाव जवळपास प्रत्येक फोनमध्ये आणि डिजिटल कॅमेऱ्यात सारखंच दिसतं. १९९८च्या सुमारास जपानी कॅमेरा उद्योगाने फाईली कशा ठेवायच्या याचा एक सामाईक नियम ठरवला, तो आजवर चालत आला. त्यामुळे फोन कुठल्याही कंपनीचा असला तरी शोध तिथूनच सुरू करायचा.

कॉम्प्युटरवर फोटो घेण्याचं काम सोपं आहे, पण ते अडतं अगदी बारीकसारीक जागी. केबल लावली आणि कॉम्प्युटरवर काहीच दिसलं नाही, ही पहिली तक्रार. बऱ्याचदा केबलच फक्त चार्जिंगची असते. स्वस्तातल्या काही केबलींत वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. केबल बदलल्यावर फोन दिसतो, पण फोल्डर रिकामा, ही दुसरी तक्रार. अँड्रॉइड फोन केबल लागल्यावर ‘फक्त चार्जिंग’वर राहतो. फोनचं कुलूप उघडायचं, वरून सूचनांची पट्टी खाली ओढायची, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडायचं. मग विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये फोनचं नाव येतं. त्यात इंटर्नल स्टोरेज, त्यात डीसीआयएम, त्यात कॅमेरा.

व्हॉट्सॲपचे फोटो इथे सापडणार नाहीत. २०२१च्या आसपासपासून ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरात, त्यातल्या ‘मीडिया’त आणि तिथे व्हॉट्सॲपच्या नावाच्या फोल्डरात खोल जाऊन बसले आहेत. त्यात ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ आणि ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ असे दोन वेगळे फोल्डर असतात. सुप्रभातचे संदेश आणि भाचीच्या हळदीचे फोटो तिथे एकत्र नांदतात, त्यामुळे तो फोल्डर उचलायचा तर नंतर निवडायला वेळ काढावा लागतो.

आता दोन पथ्यं. ‘कट’ करू नये, ‘कॉपी’ करावं. कट-पेस्ट चालू असताना केबल हलली किंवा लाईट गेली, तर काही फाईली ना इथल्या ना तिथल्या होतात. दुसरं म्हणजे आठ-दहा हजार फोटो एकदम ओढू नयेत. फोन आणि कॉम्प्युटर यांच्यातली ही बोलणी संथ असतात. मोठा ढीग दिला की मधेच अडकतात आणि कुठवर आलं होतं ते कळत नाही. पाचशे-हजारांच्या गठ्ठ्यांनी नेलं तर काम बिनबोभाट होतं. व्हिडिओ वेगळे न्यावेत.

कॉपी झाल्यावर मोजणी. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिलं की फाईली किती आणि एकूण आकार किती, दोन्ही दिसतं. फोनमधल्या तेवढ्याच गठ्ठ्याशी आकडा जुळला पाहिजे. मग सुरुवातीचा एक, मधला एक आणि शेवटचा एक फोटो उघडून पाहायचा, एक-दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहायचे. फोनमधून काही उडवायचं असेल तर त्यानंतरच, आणि दुसरी प्रत झाल्यावर.

फाईलवर दिसणारी ‘बदलल्याची तारीख’ कॉपी करताना कधी कधी आजची होते आणि लोक घाबरतात. फाईलच्या आतली, कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख शाबूत असते. बऱ्याच फोनांत नावातही ती असते: २०२४०८१५ अशा आकड्यांनी सुरू होणारी फाईल १५ ऑगस्ट २०२४ची.

आयफोनचं थोडं वेगळं

आयफोन केबलने जोडला की फोन ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असं विचारतो. पिन टाकून होकार दिल्याशिवाय काही दिसत नाही. विंडोजवर ‘फोटोज’ या ॲपमधून इम्पोर्ट करता येतं.

दोन गोष्टी चकवतात. २०१७च्या आयओएस ११पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवतो. त्यात जागा कमी लागते, पण जुन्या कॉम्प्युटरवर फाईल उघडत नाही आणि फोटो खराब झाला असं वाटतं. सेटिंगमध्ये मॅक किंवा पीसीवर नेताना मूळ ठेवायचं की आपोआप बदलायचं, असा पर्याय असतो. साठवणीसाठी मूळ ठेवलेलं बरं. दुसरा चकवा मोठा आहे. ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये जागा कमी पडताच पूर्ण आकाराचा फोटो ॲपलच्या आयक्लाउडवरच राहतो आणि फोनमध्ये लहान प्रत उरते. केबलने नेताना मूळ फोटो येतच नाहीत. अशांनी आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून थेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं.

घरात कॉम्प्युटर नसेल तर

केंदूरसारख्या गावात मोबाईल घरटी दोन-तीन, पण कॉम्प्युटर मोजक्याच घरांत. तरी कॉम्प्युटर इथे परका नाही. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांत तिची गणना होते. २००१पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावोगावी पोहोचले आणि माउस धरायला शिकलेली एक पिढी त्यातून तयार झाली. कॉपी-पेस्ट येणारं माणूस प्रत्येक वाडीवर सापडतं. नसतं ते यंत्र.

त्यावरचा स्वस्त तोडगा म्हणजे ओटीजी. एका बाजूला फोनला लागणारं टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचं यूएसबी, असा दुतोंडी पेनड्राइव्ह थेट फोनला लावता येतो. फोनमधल्या ‘फाईल्स’ ॲपमधून डीसीआयएम फोल्डर निवडून पेनड्राइव्हवर कॉपी केला की झालं. इंटरनेट लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. ‘फाईल फार मोठी आहे’ असा निरोप आला तर दोष बहुधा पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा असतो. एफएटी-३२ प्रकारात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, आणि लग्नाचा सलग व्हिडिओ तेवढा सहज होतो. एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हला ही अडचण नाही. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते रिकाम्या पेनड्राइव्हवरच करावं.

पेनड्राइव्ह नेआण करायला चांगला, वर्षानुवर्षं साठवायला नाही. त्यातली चिप विद्युतभारावर माहिती धरून ठेवते आणि कपाटात पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो. कायमच्या साठवणीसाठी एक्स्टर्नल हार्डडिस्क बरी. १ टीबीच्या डिस्कवर ४ एमबीचे सुमारे अडीच लाख फोटो मावतात. एका कुटुंबाला ते अनेक वर्षं पुरतात. दोन-तीन भावांनी मिळून एक डिस्क घेतली आणि ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्याकडे बसून सगळ्यांच्या फोनांतले फोटो उतरवून घेतले, तर खर्चही वाटला जातो.

झेरॉक्सच्या किंवा मोबाईलच्या दुकानात हे काम करून घ्यायचं असेल तर स्वतः शेजारी बसून करून घ्यावं. काम चालू असताना दुकानाच्या कॉम्प्युटरवर मधे प्रत ठेवली जाते, ती समोर पुसून घ्यावी. फोनमध्ये आधार, पासबुक, घरच्या बायामुलींचे फोटो असतात. सोय म्हणून उघडा करून ठेवलेला फोन परक्या टेबलावर सोडून चहाला जाणं परवडणारं नाही.

तीन प्रती

फोटो कॉम्प्युटरवर आले म्हणजे सुरक्षित झाले का? हार्डडिस्क हेही यंत्रच. तिच्यात फिरती तबकडी असते, ती पडली की संपली. कॉम्प्युटरमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर सगळ्या फाईलींना कुलूप लागतं; मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत अनेकांचं काम असंच बंद पाडलं. जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही अशा वेळी सुटत नाही. म्हणून कॉपी झाली की ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढून ठेवायची.

पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने डिजिटल फोटोंच्या व्यवस्थापनावरच्या आपल्या पुस्तकातून ३-२-१ हे सूत्र लोकप्रिय केलं. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. केंदूरच्या हिशेबात ते असं बसतं: एक प्रत फोनमध्ये, दुसरी घरच्या कॉम्प्युटरवर किंवा डिस्कवर आणि तिसरी रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेल्या मुलाकडे किंवा पुण्यात राहणाऱ्या बहिणीकडे. बहीण दिवाळीला येते तेव्हा तिची डिस्क इकडे आणि इकडची तिकडे, असा अदलाबदलीचा रिवाज घरात सहज पडू शकतो. निवडक दोन-तीनशे फोटो गुगलवर ठेवले तर १५ जीबीही पुरते.

प्रत काढून ठेवण्याची ही रीत मराठी मुलखाला नवी नाही. शिवकाळात वतनाची किंवा इनामाची सरकारी पत्रं गावच्या अधिकाऱ्यांना जात, तेव्हा शेवटी हुकूम असे की पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, दप्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र धन्याला परत द्यावं. वतनदाराकडचं अस्सल जळालं, वाळवीने खाल्लं, तरी दप्तरातली नक्कल उभी राही. त्या काळातली कितीतरी पत्रं आज अभ्यासकांना माहीत आहेत ती अस्सलामुळे नव्हे, नकलेमुळे.

एकाच जागी सारं ठेवल्यावर काय होतं, हे पुण्यानेच पाहिलं आहे. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली. तिथे जुनी नायट्रेट फिल्मची रिळं होती. हा पदार्थ इतका ज्वालाग्राही की एकदा पेटल्यावर विझवणं दुरापास्त. जुन्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधीच न पेटणाऱ्या फिल्मवर उतरवून वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यांचं निदान चित्र तरी उरलं.

प्रत आहे असं वाटणं आणि ती असणं, यांतलं अंतर अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओला १९९८मध्ये कळलं. ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना कुणीतरी सर्व्हरवर चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाईली डोळ्यांदेखत एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, उघडायला गेल्यावर कळलं की तो नीट घेतलाच जात नव्हता. गॅलिन सुसमन या तंत्र-पर्यवेक्षिकेला नुकतंच बाळ झालं होतं आणि त्यामुळे ती घरून काम करत होती. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून स्टुडिओत आणला गेला. एवढ्या मोठ्या स्टुडिओला एका बाळंतिणीच्या घरातली प्रत उपयोगी पडली.

नावं आणि वेळापत्रक

डिस्क भरली, पण सापडेना, असं होऊ नये म्हणून फोल्डरांना वर्षाचं आणि महिन्याचं नाव द्यावं: ‘२०२५-०४ यात्रा’, ‘२०२५-०८ बाजरी’. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर ते आपोआप क्रमाने लावतो. पट्ट्या, बिलं, सातबारा, पंचनाम्याचे फोटो यांचा फोल्डर वेगळा असावा. आजोबांच्या जुन्या लग्नाच्या फोटोचा फोटो काढला असेल तर कॅमेरा त्याला आजची तारीख लावतो. फाईलच्या नावात खरं वर्ष आणि माणसांची नावं लिहिली नाहीत, तर पुढच्या पिढीला त्यातलं कोण कुठलं ते कळणार नाही.

वेळ शेतीच्या हंगामाप्रमाणे ठरवली तर लक्षात राहते. यात्रा-लग्नसराई उरकून पेरणीआधी एकदा, पीक पाहणी झाल्यावर एकदा, दिवाळीनंतर एकदा. वर्षातून तीन संध्याकाळी. त्याच बैठकीत गेल्या वर्षीच्या डिस्कवरचा एखादा फोल्डर उघडून पाहावा, म्हणजे पिक्सारसारखी पाळी येत नाही. गुगलवर पूर्वी चढलेले फोटो खाली उतरवायचे असतील तर ‘गुगल टेकआउट’ ही त्यांचीच सोय आहे. तिथून संपूर्ण संग्रह झिप फाईलींच्या रूपात मागवता येतो. मोठा संग्रह तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात.

फोटो जाण्याची आणखी एक नेहमीची वेळ म्हणजे नवा फोन घेण्याची. दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना फोन दुकानात जमा होतो आणि तिथल्या तिथे रिसेट केला जातो. नव्या फोनमध्ये ‘सगळं आलंय’ असं काउंटरवर वरवर पाहून ठरवलं जातं, तर व्हॉट्सॲपचे जुने फोल्डर, रेकॉर्डिंग, डाउनलोडमधल्या पावत्या मागेच राहिलेल्या असतात. जमत असेल तर जुना फोन महिनाभर घरात राहू द्यावा. एक्स्चेंजलाच द्यायचा असेल तर दुकानात जाण्याच्या आदल्या रात्री केबल लावून डीसीआयएम, व्हॉट्सॲप आणि डाउनलोड हे तीन फोल्डर उतरवून, मोजून घ्यावेत आणि जुन्या खात्याचा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा.